डीएनएची नक्कल होताना पाहिली कोणी?

गेल्या रविवारी रोवणी आटोपून, पायाचा चिखल धुऊन तू आमच्या छपरीत येऊन बसलीस आणि विचारलंस, "मॅडम, पुस्तकात लिवलं आहे का डीएनएचा एक पेड जुना ऱ्हाते न् एक नवा बनते. पन हे पायलं कोनं?" तुला अंधार पडायच्या आत घरी पोचायचं होतं, म्हणून मी दोन वाक्यांत सांगून मोकळी झाले. ते उत्तर माझं मलाच पटलं नाही. बावीस वर्षं मी धानाच्या वाणांचा डीएनए तपासत आले, रोज सकाळी यंत्र लावून डीएनएच्या नकला काढत आले. इतक्या वर्षांत प्रशिक्षणाला आलेल्या पोरापोरींपैकी फार थोड्यांनी हा प्रश्न विचारला. तो विचारायलाच हवा असा प्रश्न आहे. म्हणून आता सवडीनं लिहिते.

आधी सरळ उत्तर देते. कोणीही पाहिलं नाही. त्या काळात पाहणं शक्यच नव्हतं. डीएनएची जाडी २ नॅनोमीटर. एका मिलिमीटरचे पाच लाख भाग केलेस तर त्यातला एक. त्याचे दोन पेड सुटतात कसे आणि नवे जुळतात कसे, हे दाखवणारा सूक्ष्मदर्शक तेव्हा जगात कुठंच नव्हता. मग शास्त्रज्ञांनी काय केलं? जुना डीएनए आणि नवा डीएनए यांच्यात ओळखता येईल असा फरक त्यांनी स्वतः घडवून आणला, आणि पुढच्या पिढ्यांत तो फरक कुठं कुठं जातो याचा माग काढला. हे एवढं मनात धरून ठेव. पुढची सगळी गोष्ट यावरच चालते.

तुमच्याकडे अंबाडीच्या वाखाची दोरी वळलेली तू पाहिली असशील. दोन पेड एकमेकांभोवती पिळलेले. डीएनए तसाच आहे, हे जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी २५ एप्रिल १९५३ रोजी 'नेचर' या विज्ञानाच्या साप्ताहिकात छापलेल्या जेमतेम पानभराच्या लेखात मांडलं. त्यामागे रोझलिंड फ्रँकलिन आणि त्यांचा विद्यार्थी रेमंड गोसलिंग यांनी लंडनच्या किंग्ज कॉलेजात काढलेली क्ष-किरणांची छायाचित्रं होती. डीएनए ज्या चार घटकांनी लिहिलेला असतो त्यांना ए, टी, जी, सी ही अक्षरं म्हणतात. त्यांची एर्विन शारगाफ या रसायनशास्त्रज्ञानं केलेली मोजमापंही होती: कुठल्याही जिवाचा डीएनए घ्या, त्यात ए जितका तितकाच टी, आणि जी जितका तितकाच सी. यावरून ए समोर टी आणि जी समोर सी, ही जोडी ठरली. एका पेडावरची अक्षरं कळली की दुसऱ्यावरची आपोआप कळतात. लेखाच्या शेवटाकडे त्या दोघांनी एक वाक्य टाकलं होतं: या जोड्यांवरून आनुवंशिक द्रव्याची नक्कल कशी होत असेल याची एक शक्यता लगेच सुचते, आणि ती आमच्या नजरेतून सुटलेली नाही. पाच आठवड्यांनी, ३० मे रोजी, दुसऱ्या लेखात त्यांनी ती शक्यता उलगडून सांगितली. दोन पेड सुटतात, प्रत्येक जुन्या पेडावर त्याच्या जोडीचा नवा पेड बांधला जातो, आणि एका दोरीच्या दोन दोऱ्या होतात.

आता इथं थांब. तुमच्या पुस्तकात हे वाक्य आणि पुढचा प्रयोग एकाच पानावर येतात, म्हणून वाटतं की एकानं सांगितलं आणि दुसऱ्यानं लगेच सिद्ध केलं. मधे पाच वर्षं गेली आहेत. त्या पाच वर्षांत ही फक्त एक सुंदर कल्पना होती, आणि ती न पटणारी माणसं साधीसुधी नव्हती.

त्यातले मोठे मॅक्स डेलब्रुक. मूळचे जर्मनीचे, भौतिकशास्त्रातून जीवशास्त्रात आलेले, कॅलिफोर्नियाच्या कॅलटेक संस्थेत काम करणारे. त्यांची शंका अगदी दोरी वळणाऱ्या माणसाची शंका होती. पिळलेली दोरी मधून उलगडायला गेलं तर पुढचा पीळ आवळत जातो. डीएनएमध्ये साधारण दर दहा जोड्यांमागे एक वेढा असतो. ई. कोलाय नावाच्या जिवाणूत ४६ लाख जोड्या, म्हणजे चार लाखांहून जास्त वेढे. त्याला एवढा डीएनए उतरवून घ्यायला साधारण ४० मिनिटं लागतात. म्हणजे मिनिटाला दहा हजारांच्या वर वेढे सोडवायचे, तेही केसापेक्षा कितीतरी बारीक पेशीत, कुठं गाठ न पडता. डेलब्रुक म्हणाले, हे व्हायचं नाही. १९५४ मध्ये त्यांनी दुसरा मार्ग सुचवला: पेड जागोजागी तुटत असतील आणि जुन्याचे तुकडे नव्याला जोडले जात असतील, म्हणजे उलगडायची भानगडच नको.

त्यामुळे तीन शक्यता समोर आल्या. तू घरी रंगीत दोरीनं करून पाहा, वाचण्यापेक्षा लवकर कळेल. दोन्ही पेड लाल असलेली एक दोरी घे, आणि नवा पेड जो जोडशील तो पांढरा. पहिल्या शक्यतेत लाल दोरी आहे तशीच राहते आणि तिच्याकडे पाहून दुसरी पूर्ण पांढरी दोरी तयार होते. दुसरीत लाल दोरीचे दोन पेड सुटतात आणि प्रत्येकाला एक पांढरा पेड मिळतो. तिसरी डेलब्रुक यांची: दोन्ही दोऱ्यांच्या प्रत्येक पेडात लाल-पांढरे तुकडे मिसळलेले. इंग्रजीत यांना अनुक्रमे कन्झर्व्हेटिव्ह, सेमीकन्झर्व्हेटिव्ह आणि डिस्पर्सिव्ह म्हणतात. परीक्षेत ही नावं लागतील, पण मनात दोरीच ठेव.

अडचण एकच. दोरीला रंग देता येतो. डीएनएला लाल-पांढरा कसा करायचा?

१९५४च्या उन्हाळ्यात अमेरिकेत वूड्स होल इथल्या सागरी जीवशास्त्राच्या संस्थेत दोन तरुण भेटले. मॅथ्यू मेसेल्सन आणि फ्रँकलिन स्टाल. पुढे दोघं कॅलटेकमध्ये एकत्र आले. प्रयोग छापला गेला तेव्हाही दोघांनी तिशी ओलांडलेली नव्हती. त्यांनी ठरवलं की डीएनएला रंग नाही, वजन द्यायचं. आधी त्यांनी ब्रोमोयुरॅसिल नावाचा जड रेणू वापरून जिवाणूंना मारणाऱ्या विषाणूंवर प्रयत्न केले. ते नीट जमलं नाही. मग ते नत्राकडे वळले.

नत्र म्हणजे तेच, जे आपण युरियातून बांधीत टाकतो. नेहमीच्या नत्राच्या अणूचं वजन १४. पण निसर्गात १५ वजनाचाही नत्र असतो, हजार अणूंत चारसुद्धा नाहीत इतका थोडा. तो किरणोत्सर्गी नसतो, पिकाला किंवा जिवाणूला त्यापासून काही अपाय नाही, फक्त वजनाला किंचित जड. (खतातलं किती नत्र पिकानं घेतलं आणि किती वाहून गेलं, हे शोधायला शेतीच्या संशोधनातही हाच जड नत्र वापरतात.) डीएनएच्या चारही अक्षरांत नत्र असतं. म्हणून ई. कोलायला खायला जड नत्राचं अमोनियम क्लोराइड दिलं आणि त्याच्या १४ पिढ्या त्यातच वाढवल्या. तोवर त्याचा जवळपास सगळा डीएनए जड झाला. हा आपला लाल डीएनए. मग एका क्षणी त्याच भांड्यात नेहमीचं हलकं नत्र दहापट ओतलं. त्या क्षणानंतर जे काही नवं बनेल ते हलकं, म्हणजे पांढरं. आणि ठरावीक वेळानं थोडे थोडे जिवाणू काढून त्यांचा डीएनए बाजूला ठेवला.

राहिला प्रश्न वजन करायचा. इथं तुला तुमच्या घरातलीच गोष्ट आठवायला हवी. पऱ्हे टाकायच्या आधी तुझी आई धानाचं बी मिठाच्या पाण्यात टाकते ना? दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ. पोचट दाणा वर तरंगतो, भरलेला खाली बसतो. वरचा काढून टाकायचा, खालचा दोन-तीनदा साध्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळवायचा. साध्या पाण्यात जो थोडा हलका दाणा बुडून जातो, तो मिठामुळे पाणी जड झालं की वर येतो. मेसेल्सन आणि स्टाल यांनी जेरोम व्हिनोग्राड यांच्या साथीनं हीच युक्ती डीएनएसाठी बसवली. फक्त आपलं मीठ तिथं कामाचं नाही, त्यानं पाणी तितकं जड होत नाही. त्यांनी सीझियम क्लोराइड घेतलं. सीझियमचा अणू फार जड, त्याचं मीठ पाण्यात भरपूर विरघळतं आणि पाणी जवळजवळ पावणेदोनपट जड करता येतं.

हे द्रावण डीएनएसह सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे नळ्या गरगर फिरवणाऱ्या यंत्रात, घातलं आणि मिनिटाला ४४,७७० फेऱ्यांच्या वेगानं साधारण २० तास फिरवलं. पृथ्वीच्या ओढीच्या सुमारे १ लाख ४० हजार पट ओढ. एवढ्या ओढीत विरघळलेलं मीठसुद्धा तळाकडे सरकायला लागतं. वरचं पाणी थोडं हलकं, तळाचं थोडं जड, आणि मधे पायरी नसलेला उतार. डीएनए त्या उतारावर आपल्या वजनाच्या जागी जाऊन थांबतो. ना वर, ना खाली. हलक्या डीएनएची घनता १.७१०, जड डीएनएची १.७२४. फरक ०.०१४. पोचट आणि भरीव दाण्यातला फरक याच्यापुढे डोंगराएवढा म्हणावा लागेल. तरी त्या नळीत दोन स्वच्छ वेगळ्या पट्ट्या दिसत होत्या. डीएनए अतिनील प्रकाश शोषतो, म्हणून यंत्र फिरत असतानाच त्या प्रकाशात छायाचित्र काढलं की डीएनएच्या जागी काळी पट्टी उमटायची.

या पट्टीबद्दल मला ममत्व आहे. शिकत असताना मीही सीझियम क्लोराइडच्या नळ्या रात्ररात्र फिरवल्या आहेत, डीएनए शुद्ध करायला तेव्हा तोच खात्रीचा मार्ग होता. आम्ही त्यात एक रंगद्रव्य घालायचो, त्यामुळे अतिनील दिव्याखाली पट्टी नारिंगी उजळायची. एकदा चौदा तास फिरल्यावर वीज गेली, यंत्र आपोआप थांबलं, सकाळी नळीत पट्टीऐवजी पसरलेला धूसर ढग. पुन्हा पहिल्यापासून फिरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंधाऱ्या खोलीत दिवा लावला आणि नळीच्या मधोमध केसाच्या रेघेसारखी नारिंगी पट्टी स्थिर उभी होती. मेसेल्सन आणि स्टाल यांना काय वाटलं असेल ते मला त्या दिवशी कळलं.

आता निकाल. सुरुवातीला एकच पट्टी, जड. हलकं नत्र घातल्यावर जिवाणूंची एक पिढी पूर्ण झाली तेव्हाही एकच पट्टी, पण बरोबर मध्यावर. ना जड, ना हलकी. पहिली शक्यता तिथंच संपली. जुनी दोरी अख्खी राहिली असती तर एक जड आणि एक हलकी अशा दोन पट्ट्या आल्या असत्या. पण लक्षात घे, डेलब्रुक यांची शक्यता अजून शाबूत आहे. तुकडे मिसळले तरी सरासरी वजन मध्यावरच येईल. परीक्षेत बहुतेक मुलं इथं चुकतात आणि पहिल्या पिढीवरूनच निकाल लिहून मोकळी होतात.

खरा निवाडा दुसऱ्या पिढीत झाला. तुकडे मिसळत असते तर दुसऱ्या पिढीतही एकच पट्टी दिसली असती, फक्त आणखी हलकी, हलक्यापासून पाव अंतरावर. तसं झालं नाही. दोन पट्ट्या दिसल्या, सारख्याच ठळक. एक मध्यावर, एक पूर्ण हलकी. तुझ्या दोरीवर मोजून पाहा: दोन लाल-पांढऱ्या दोऱ्या सुटल्या तर चार होतात, त्यातल्या दोन लाल-पांढऱ्या आणि दोन पूर्ण पांढऱ्या. पुढच्या पिढीत आठ होतील, तरी लाल पेड असलेल्या दोऱ्या दोनच. ते दोन मूळ लाल पेड कुठं हरवत नाहीत आणि तुटून पसरत नाहीत. मधल्या पट्टीतला डीएनए त्यांनी उकळत्या पाण्याइतका तापवून पाहिला, तेव्हा तो एक जड आणि एक हलका अशा दोन भागांत सुटा झाला.

हा लेख जुलै १९५८ मध्ये आला. त्यात एक गोष्ट अशी आहे जी मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला दाखवत आले. त्यांनी 'पेड' हा शब्द निष्कर्षात वापरला नाही. डीएनए दोन 'उपघटकां'चा बनलेला आहे आणि प्रत्येक नव्या रेणूला एक जुना उपघटक मिळतो, एवढंच लिहिलं. ते उपघटक म्हणजे वॉटसन-क्रिक यांचेच एकेरी पेड आहेत, हे या प्रयोगानं सिद्ध होत नाही हेही स्पष्ट केलं. सगळं जग ज्या उत्तराची वाट पाहत होतं ते हातात असताना, जितकं मोजलं तितकंच लिहिलं. मी प्रयोगशाळेत अहवाल लिहायला बसायची तेव्हा हे पान डोळ्यांसमोर असायचं. शेतकऱ्याचं बियाणं अमुक वाणाचं आहे की नाही, एवढाच प्रश्न असतो, पण एक शब्द जास्त लिहिला तर त्याचं नुकसान होऊ शकतं.

तुला कदाचित जास्त जवळचा वाटेल असा एक प्रयोग याच्या आधी, १९५७ मध्येच झाला होता, आणि तो एका शेंगेच्या पिकावर. हर्बर्ट टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाकल्याच्या रोपांची मुळं किरणोत्सर्गी थायमिडीनच्या पाण्यात ठेवली. थायमिडीन फक्त डीएनएत जातं. मग मुळं धुऊन साध्या पाण्यात ठेवली, त्यात पेशीचे दोन भाग होऊ न देणारं कोल्चिसिन घातलं. तुम्ही कांद्याच्या मुळाचं टोक चेपून काचेवर गुणसूत्रं पाहिलीत ना अकरावीत, अगदी तसंच त्यांनी केलं, फक्त वर छायाचित्राच्या फिल्मचा थर दिला. जिथं किरणोत्सर्ग तिथं काळे ठिपके. पहिल्या विभाजनात गुणसूत्राच्या दोन्ही भावंडांवर ठिपके, पुढच्या विभाजनात एकावर ठिपके आणि दुसरं कोरं. म्हणजे गुणसूत्रातही जुनं अर्धं आणि नवं अर्धं. गुणसूत्र हे डीएनएपेक्षा फार मोठं गाठोडं असल्यानं यावरून रेणूबद्दल ठाम बोलता येत नव्हतं, पण दिशा तीच होती. इथंही युक्ती तीच: नव्याला खूण करा, मग खूण मोजा.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथं संपतं असं वाटेल. पण 'अर्धं जुनं, अर्धं नवं' हे काय होतं त्याचं उत्तर झालं. ते करतं कोण?

याच काळात अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात आर्थर कॉर्नबर्ग ई. कोलायचे जिवाणू फोडून त्यांच्या रसात डीएनए बनतो का ते पाहत होते. त्यांनीही खूण केलेलं थायमिडीन वापरलं. पहिल्या प्रयोगांत दहा लाख खुणांपैकी डीएनएत गेलेल्या खुणा जेमतेम पन्नास. दुसऱ्या कोणी हे मोजयंत्राची चूक म्हणून सोडून दिलं असतं. कॉर्नबर्ग त्या पन्नासाच्या मागे लागले आणि डीएनए पॉलिमरेज नावाचं विकर (एन्झाइम, म्हणजे पेशीतली रासायनिक कामं घडवून आणणारं प्रथिन) वेगळं काढलं. त्याला चारही अक्षरं लागतात, मॅग्नेशियम लागतं, आणि समोर नमुना म्हणून जुना डीएनए लागतोच. त्यांचे लेख आधी नाकारले गेले, १९५८ मध्ये छापून आले, आणि १९५९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. डीएनएच्या नकला काढणाऱ्या ज्या पीसीआर यंत्रावर मी आयुष्य काढलं, त्यातलं काम करणारं विकर याच कुळातलं, फक्त गरम पाण्याच्या झऱ्यातल्या जिवाणूचं, म्हणून तापलं तरी न बिघडणारं.

पुढे यात एक वळण आलं. १९६९ मध्ये जॉन केर्न्स आणि पॉला डी लुसिया यांनी हजारो ई. कोलाय वसाहती एकेक करून तपासल्या आणि असा एक जिवाणू शोधला ज्यात कॉर्नबर्ग यांचं विकर जवळपास नाहीच. तो आरामात वाढत होता! फक्त अतिनील प्रकाशानं लवकर मरत होता. म्हणजे ते विकर मुख्यतः डागडुजीचं, नकलेचा मुख्य कारागीर दुसराच. तो शोधण्यात कॉर्नबर्ग यांचा मुलगा टॉम होता. संगीत शिकणारा, चेलो वाजवणारा मुलगा प्रयोगशाळेत उतरला आणि माल्कम गेफ्टर यांच्याबरोबर त्यानं दोन वर्षांत आणखी दोन पॉलिमरेज शोधले. त्यातला तिसऱ्या क्रमांकाचा खरा कारागीर निघाला.

पण कुठलाही पॉलिमरेज घे, त्याला एक मर्यादा आहे. तो पेड एकाच दिशेनं बांधतो. आणि डीएनएचे दोन पेड उलटसुलट दिशांना धावतात. मग दोरी एका टोकाकडून सुटत असताना दोन्ही पेडांवर एकाच वेळी काम कसं होतं?

हे तुला बांधीवरून सांगते. समज ट्रॅक्टर पूर्वेच्या धुऱ्याकडून पश्चिमेला चिखलणी करत चालला आहे. चिखल झालेल्या जागेचे दोन पट्टे. पहिल्या पट्ट्यात बायकांनी पूर्वेकडून पश्चिमेकडेच रोवत जायचं, दुसऱ्यात पश्चिमेकडून पूर्वेकडेच, असा दंडक आहे. पहिल्या पट्ट्यातल्या बायका ट्रॅक्टरच्या मागोमाग न थांबता रोवत जातील. दुसऱ्या पट्ट्यातल्यांना मात्र थोडा चिखल होईपर्यंत थांबावं लागेल, मग ट्रॅक्टरजवळून सुरू करून आधी रोवलेल्या जागेपर्यंत यायचं, पुन्हा ट्रॅक्टरजवळ जायचं, पुन्हा एक तुकडा. दुसऱ्या पट्ट्यात रोवणी तुकड्या-तुकड्यांनीच होणार.

जपानच्या नागोया विद्यापीठात रेईजी आणि त्सुनेको ओकाझाकी या पतिपत्नींनी हे खरंच असं होतं का ते तपासलं. त्यांची खूण वेळेची होती. जिवाणू थंड करून, २० अंशांवर ठेवून त्यांचा वेग कमी केला आणि किरणोत्सर्गी थायमिडीन फक्त काही सेकंद दिलं. काही सेकंदांत ज्यावर खूण पडेल ते अगदी ताजं बनलेलं. ते ताजं डीएनए तोलून पाहिलं तर ते एक ते दोन हजार अक्षरांच्या छोट्या तुकड्यांत सापडलं. जास्त वेळ खूण दिली की तीच खूण लांब पेडात जाऊन बसलेली दिसे, म्हणजे तुकडे नंतर जोडले जातात. तुकडे जोडणारं लायगेज नावाचं विकर वर्षभर आधीच, १९६७ मध्ये सापडलं होतं. ज्या विषाणूत ते बिघडलेलं असे, तिथं तुकडे न जुळता साचून राहत. १९६८ मध्ये हे छापून आलं. तुमच्या पुस्तकात 'ओकाझाकी तुकडे' हे दोन शब्द आहेत, त्यामागची ही माणसं. रेईजी १९३० मध्ये हिरोशिमात जन्मले. बॉम्ब पडला तेव्हा ते चौदा वर्षांचे होते, त्या किरणोत्सर्गाच्या संपर्कात आले होते. १९७५ मध्ये ल्युकेमियानं ते गेले, अवघे ४४ वर्षांचे. त्सुनेको यांनी काम थांबवलं नाही. प्रत्येक तुकड्याची सुरुवात आरएनएच्या, म्हणजे डीएनएच्या जवळच्या नात्यातल्या रेणूच्या, छोट्याशा टोकानं होते, ही बाजू त्यांनी पुढे पक्की करत नेली.

तू जाता जाता विचारलं होतंस, याचा आपल्या धानाशी काय संबंध. तुझ्या घरी एचएमटी वाणाचा तांदूळ शिजतो. १९८३ मध्ये आपल्याच नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांना 'पटेल ३' धानाच्या बांधीत काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या जपून वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षं निवडत गेले, आणि त्यातून एचएमटी आला. त्यांनी निवडलेली लोंब दरवर्षी तशीच उगवत राहिली, याचं कारण प्रत्येक पेशीत जुना पेड समोर ठेवूनच नवा बांधला जातो. आणि ती लोंब मुळात वेगळी दिसली, याचं कारण ही नक्कल क्वचित कुठंतरी चुकते. दादाजींची नजर त्या दोन गोष्टींच्या मधे होती.

आता डेलब्रुक यांची शंका राहिली. ते चुकले असं पुस्तकात वाटतं, आणि मिसळलेल्या तुकड्यांबाबत ते चुकलेही. पण पीळ आवळत जाईल हे त्यांचं म्हणणं तंतोतंत बरोबर होतं. उत्तर मिळायला १९७१ उजाडलं. जेम्स वांग यांना ई. कोलायमध्ये एक विकर सापडलं, आज त्याला टोपोआयसोमरेज म्हणतात. ते दोरीचा एक पेड कापतं, पीळ सैल होऊ देतं आणि कापलेली टोकं पुन्हा जशीच्या तशी जोडतं. म्हणजे नक्कल होताना डीएनए खरंच तुटतो आणि जुळतो, फक्त डेलब्रुक यांना वाटलं त्या कारणासाठी नाही. १९७६ मध्ये मार्टिन गेलर्ट यांच्या गटाला गायरेज सापडलं. ते दोन्ही पेड एकदम कापून त्यातून दोरीचा दुसरा भाग पार करतं. जिवाणूंवर चालणारी सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी औषधं याच विकराला अडवतात, आणि मग जिवाणू स्वतःची नक्कल काढू शकत नाही.

हे डोळ्यांनी पाहता येतं. येत्या रविवारी हातभर अंबाडीची दोरी घेऊन ये, नवी, घट्ट वळलेली. दोन्ही टोकं खुंट्यांना बांधू, मधे बोटं घालून पेड सोडवायला लागू. थोड्याच वेळात दोन्हीकडचा पीळ इतका आवळेल की बोटं पुढे सरकणार नाहीत आणि दोरीला वळ्या पडायला लागतील. मग मी पीळ आवळला आहे तिथं ब्लेडनं एकच पेड कापीन. दोरी स्वतःभोवती फिरून सैल कशी होते ते तू बघ, आणि मग ती दोन टोकं जोडायचं काम तुझं.